सासूबाईंच्या ताटातली भाकरी

आपल्यात करुणा आहे की नाही, ही शंका मला तरुणपणी शिवलीच नाही. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथवाचन मीच करायचे. पांढरी कडक इस्त्रीची साडी, आणि करुणेचं पान आलं की नेमका गळा दाटायचा. समोरच्या बायका डोळे पुसायच्या, आणि मी चष्म्याआडून किती जणी पुसतात ते बघायचे. आता हसू येतं.

घरी मात्र सासूबाई अर्धांगाने पडून होत्या आणि चार दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. असंच चाललं तर आठवडा काढणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. मी भरवायचे, पण उभ्या उभ्या, एक डोळा घड्याळाकडे ठेवून. घास ओठातून ओघळला की पुसायचे आणि हवालदाराच्या सुरात "आई, आ करा" म्हणायचे. त्या भिंतीकडे तोंड वळवायच्या.

पाचव्या दुपारी दारात एक अनोळखी कोळीण आली. "वर्षावास आहे, मासे नकोत," मी तोऱ्यात सांगितलं.

"नको तर नको गो. पाणी तरी दे."

तिच्या हातांवर पाणी घातलं आणि प्यायला आणायला आत वळले. परतले तर बाई सासूबाईंच्या खाटेशी जमिनीवर बसलेली, आणि त्यांच्याच ताटातली, त्यांनी चिवडून टाकलेली भाकरी आमटीत बुडवून खात होती.

"आई, सुनेला मिठाचा अंदाज नाय," ती म्हणाली. "तू कशी खातेस गो?"

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना भाकरी वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. आणि ही परक्या घरची बाई त्यांचं उष्टं खात होती. अडखळत त्या म्हणाल्या, "मला पण दे." एक घास तिचा, एक यांचा, अशी अर्धी भाकरी संपली.

त्या दिवशी माझं विहारातलं वाचन बुडलं. दुसऱ्या दिवशी मी खाली बसले आणि त्यांच्या ताटातून पहिला घास घेतला. खोटं कशाला सांगू, किळस आली. दुसऱ्या घासाला नाही आली. सासूबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या, रोज मिठावरून माझी खोडी काढत.

वर्षावास संपल्यावर मी तिला द्यायला साडी घेऊन, विचारत विचारत वरळी कोळीवाड्यात गेले. आभाराचं भाषण पाठ करून नेलं होतं, सवयच ती. बोंबील वाळत घालता घालता तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगो, मना भूक लागलेली."

ती भूक तिला नेमकी आमच्याच दारात का लागली, ते मी शोधत बसत नाही. त्या बाईला मनातल्या मनात हात जोडते. आता खाटेवर मी असते. नातसून घाईघाईने ताट पुढे करते. मीठ अगदी बरोबर असलं तरी मी म्हणते, "कमी वाटतंय गं, जरा चाखून बघ." मग ती खाली बसते.