आगाऊ सूचना

कामोठ्याच्या त्या सोसायटीत दर शनिवारी गच्चीवर पडदा लावून सिनेमा दाखवतात, आणि तो आधी एकट्याने बघून ग्रुपवर पालकांसाठी सूचना टाकायचं काम चंद्रशेखर करतो. कुणी सांगितलं नव्हतं, आपणच अंगावर घेतलं. द्रोणागिरीच्या गोदामात तो खोक्यांवर 'नाजूक माल', 'ही बाजू वर' अशी लेबलं लावून घेतो. लेबलाशिवाय काही पुढे सोडायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली.

सूचना मात्र वाचाव्यात अशा. 'नायक सिगारेट ओढतो, पण खोकतोही.' 'आजोबा टॉवेलवर आहेत. टॉवेल शेवटपर्यंत टिकतो.' एकदा तर 'खलनायक हात न धुता जेवतो' असंही लिहिलं. लोक पोट धरून हसायचे. शेजारच्या सुधीरने तर, सिनेमा राहू द्या, नुसत्या सूचनाच पाठवा, अशी फर्माईश केली होती. यात हसण्यासारखं काय, ते चंद्रशेखरला कळायचं नाही. बिचारा मनापासून लिहायचा.

खरं तर त्याला एकच गोष्ट बघायची असे: सिनेमात कुणाची आई मरते का. मरत असली, की त्या शनिवारी तो दीक्षाला घेऊन बागेत जाई. दीक्षा त्याची मुलगी, चौथीतली. तिची आई स्मिता गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्येच वारली. तेव्हापासून लेकीच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, हा एकच ध्यास त्याने घेतला होता. जणू ते त्याच्या हातात होतं!

त्या शनिवारी त्याने लिहिलं, 'कोणी मरत नाही. एक म्हैस हरवते, सापडते. निर्धास्त यावे.' गच्ची भरली. म्हशीमागे अख्खं गाव धावलं, मुलं लोळून हसली. मग पडद्यावरच्या आईने मुलीला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालता घालता डोक्यात टपली मारली, "हलू नको गं." एवढंच. दीक्षा हमसून हमसून रडायला लागली.

हा प्रसंग चंद्रशेखरने पाहिला होता, पण त्यात लिहिण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. तिला जवळ घेत तो म्हणाला, "सॉरी बाळा, चुकलं माझं. आधी सांगायला पायजे होतं."

"सगळ्यांना आधी सांगता," ती हुंदके देत म्हणाली, "मग मम्मीचं का नाय सांगितलं? रविवारी घरी येणार बोललात. तुम्हाला पण माहीत नव्हतं ना, पप्पा?"

नव्हतं म्हणाला असता, तर पोर शांत झाली असती. पण डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं, बरंच आधी. आणि पोरीला आईजवळ न्यायचं सोडून त्याने तिला ऐरोलीला आत्याकडे ठेवलं होतं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

दीक्षाचं रडणं थांबलं. तिने त्याचे हात बाजूला केले, उठली, आणि मागे बसलेल्या आजीजवळ, स्मिताच्या आईजवळ, जाऊन बसली. लेकीला हाक मारायची चंद्रशेखरची छाती झाली नाही.