दोन सर्व्हर, एक रजिस्टर

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर सायबर कॅफे चालवणारा तो गृहस्थ कॉम्प्युटरशीही अहो-जाहो करायचा. बोंडअळीच्या वर्षी कापूस विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मी शेजारच्या काकूंना घेऊन त्याच्याकडे गेलो. लॉगिन व्हायचं, पण पुढचं पान उघडलं की साइट पुन्हा पासवर्ड मागायची. सात वेळा असंच झालं. काकू रडकुंडीला आल्या.

तो म्हणाला, "तिकडे दोन सर्व्हर हायेत, काकू. एकानं तुम्हाले ओळखलं, पण दुसऱ्याले सांगतलंच नाही. मंग तो पुसते, तुमी कोन?"

"काहून नाही सांगतलं? भांडण हाय काय त्याईचं?"

त्यानं शर्टाची वरची गुंडी लावली. सरकारी फोन करताना तो नेहमी लावायचा. हेल्पलाइनला म्हणाला, "साहेब, लॉगिनचं रजिस्टर दोघाईत एकच ठेवा. नाहीतर बाईले दर वेळी एकाच सर्व्हरकडे धाडा."

पलीकडच्यानं ते आणि कॅफेचा नंबर लिहून घेतला. तासाभरानं साइट सुरळीत चालली आणि काकूंची पावती निघाली. तेवढ्यात तिकडच्या इंजिनिअरचा फोन आला, "सर, आपण कोणत्या कंपनीत आहात?"

तो लाजून म्हणाला, "कंपनी नाही जी. पण झेरॉक्स काढून देतो."