लाल दिसलेली नस

हृदयाच्या स्कॅनसाठी मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात बसलो होतो. शेजारी कारंज्याचा एक ढाबेवाला बायकोसोबत बसला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. ट्रकवाल्याला हाक मारावी तशा आवाजात तो सगळ्यांशी बोलत होता. स्कॅनआधी नाडी शांत व्हायला हवी, आणि याची काही उतरेना.

"बायकोले बाहेर पाठवा सिस्टर, आपोआप उतरते!" तो म्हणाला.

बायको बाहेर गेली, तर नाडी आणखीच पळायला लागली. सिस्टरनं हसत तिला परत बोलावलं. मग हा मुकाट्यानं तिचा हात धरून बसला, आणि स्कॅन झाला.

दुपारी ते दोघं डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार उघडंच होतं. कॉम्प्युटरनं त्याच्या हृदयाची एक अरुंद झालेली नस लाल रंगात दाखवली होती. गोळ्यांनी भागेल, पण तर्री बंद, असं डॉक्टर म्हणाले.

बायको उसळली. "मी इतक्या वर्षांपासून हेच सांगून राह्यली ना! माझं काऊन नाई ऐकलं?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सांगतलं तू. पण रंगीत नाई दाखवलं."

ती हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले.