साहेबांची किटली आणि नाकारलेली जोडणी

कचेरीत तिला सगळे ‘कडी’ म्हणत. जेवणाचा डबा बंद केला तरी ती झाकण पुन्हा दाबून पाहायची, म्हणून. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलींची आई, आणि रुग्णाच्या खाटेशेजारी बसवायच्या यंत्राचा प्रोग्राम लिहिणारी. यंत्र तळहाताएवढं. त्याने नाडीचे आकडे क्षणाक्षणाला परिचारिकेच्या पडद्यावर पाठवायचे. त्यासाठी वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी, आणि तीही कूटबद्ध. वाटेत कुणी कान लावला तरी हाती नुसता भुसा. जोडणी उघडण्याआधी समोरचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. यंत्राला ते पटलं तरच ते बोलू लागतं.

त्या दिवशी पटेना. तीन वाजता इस्पितळाचे डॉक्टर यंत्र पाहायला येणार होते आणि अकरापासून पडद्यावर एकच लाल ओळ: प्रमाणपत्र अवैध, जोडणी नाकारली.

“प्रमाणपत्राची तपासणीच बंद कर,” साहेब म्हणाले. “एका ओळीचं तर काम. तात्पुरतं.”

“नाही करणार.”

“अगं, डॉक्टरांना काय कळतंय त्यातलं?”

“त्यांना कळत नाही म्हणूनच नाही करणार.”

आधीच्या नोकरीत तिने अशीच ओळ लिहिली होती, वरिष्ठांच्या शब्दावरून, तात्पुरती. ती चार वर्षं मुक्काम ठोकून राहिली. मग एका भामट्याने खोटा सर्व्हर उभा केला आणि यंत्रांनी त्याच्याशी मनमोकळ्या गप्पा मारल्या. चौकशीत ओळीपुढे तिचं नाव निघालं. वरिष्ठांना काहीच आठवत नव्हतं.

“मग शेजारच्याला सांगतो,” साहेब म्हणाले. “तो मुकाट्याने करेल.”

“सांगा की. फक्त ‘साहेबांच्या हुकमावरून’ असं त्या ओळीवर लिहायला लावा.”

शेजारच्या टेबलावरचा गडी पडद्याआड गेला. “ताई, मला नका ओढू यात.”

“तीनपर्यंत चालू झालं नाही, तर या प्रकल्पातून तू बाहेर,” साहेब म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिने प्रमाणपत्र अक्षर न् अक्षर पाहिलं. नाव बरोबर, सही बरोबर, मुदत पुढच्या वर्षापर्यंत. सर्व्हर निर्दोष होता. अडीचला ती उठून यंत्रापाशी गेली. त्याच्या घड्याळात अजून सेल बसवला नव्हता. वीज गेली की तारीख नऊ वर्षं मागे जायची. म्हणून जो पहिला येईल त्याने वेळ लावायची, अशी रीत होती. सकाळी नऊला तिनेच लावली होती, म्हणून तिकडे तिने पाहिलंच नव्हतं. आता तिथे नऊ वर्षांपूर्वीची तारीख. यंत्राच्या लेखी प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं.

“प्लग कुणी काढला होता?”

गड्याने हनुवटीने साहेबांच्या खोलीकडे खूण केली. “दहा वाजता. चहाची किटली लावायला.”

तिने वेळ लावली. लाल ओळ गेली. जोडणी उघडली आणि पडद्यावर गड्याची नाडी धडधडू लागली. तो यंत्राच्या चिमट्यात बोट देऊन उभा होता.

डॉक्टर आले, पाहिलं, खूश झाले. साहेब खुलले. “बघा, एकदाही अडलं नाही.”

“अडलं होतं,” ती म्हणाली. टेबलाखालून साहेबांचा बूट तिच्या पायाला लागला. तिने पाय हलवला नाही. “सकाळपासून साडेतीन तास. घड्याळ चुकलं की हे यंत्र बोलत नाही, आणि बोलूही नये. प्रत्येकात सेल बसवल्याशिवाय एकही खाटेशेजारी लावू नका.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

सोमवारी तिची बदली झाली, चाचणी विभागात. तिथे कुणी स्वखुशीने जात नसे. साहेब जाता जाता म्हणाले, “बस आता तपासत.”

तिने खुर्ची पुढे ओढली आणि तपासायला पहिला मागवला तो साहेबांनी स्वतः लिहिलेला जुना प्रोग्राम. तपासणी बंद करणारी ओळ एकशे बाराव्या क्रमांकावर सापडली. शेजारी लिहिलं होतं, ‘तात्पुरतं’, आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची. तिने अहवाल लिहिला, खाली पूर्ण नाव घातलं, आणि पाठवण्याआधी एकदा पुन्हा वाचून पाहिला.