माजघरासाठी लांब लेन्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

माणिकपूरला माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी दहावीनंतर तिथेच बसायचे, फिल्म धुवायचे. कॅमेऱ्यातलं मला सगळं कळायचं. लग्न तेवढं जमत नव्हतं. शेजारच्या गास गावचा हरेश्वर मला बघायला आला — केळी-फुलांची वाडी, वर मुलगा नोकरीला. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि सगळ्यांदेखत तो म्हणाला, "फोटू बापानंच काढलाय ना, मंग गोरी दिसनारच!" सगळे हसले. माझे वडीलसुद्धा — कसनुसे.

एकटी त्याची आई हसली नाही. वाडीतल्या जाईची वेणी तिनं आणली होती, ती निघताना माझ्या केसांत माळली. चार दिवसांनी नकार आला. नकाराचं काही नाही हो, नकार पुष्कळ पचवले होते. पण ते हसू? ते कानातून जाईना.

मी सूड घ्यायचा ठरवला होता का? ठरवायची वेळच आली नाही — दोन वर्षांनी तो आपल्या पायांनी दुकानात चालत आला. आखातातल्या मेव्हण्यानं त्याला कॅमेरा पाठवला होता, आयुष्यातला पहिला. पण नुसताच, लेन्सशिवाय. वडील बाहेर गेले होते. त्यानं मला ओळखलं नाही, दुकान कुणाचं हेही त्याच्या ध्यानात नसावं. मान खाली घालून बसलेली मुलगी त्यानं नीट पाहिली होतीच कुठे?

कपाटात त्याला बसतील अशा दोन जुन्या लेन्स होत्या. एक आखूड, अंधाऱ्या खोलीतही भागवून नेणारी. दुसरी लांब, ऐटबाज — आणि उन्हाशिवाय नवशिक्याच्या काही कामाची नाही. मी विचारलं, फोटो कुणाचे काढायचेत?

"आईचे," तो म्हणाला. "अंथरुणाला खिळलीय, माजघरातच असते. फोटोवाला घरी बोलावला तर तिला कळंल, हाराचा फोटू काढायला आलाय. म्हनून मीच काढनार, हसत-खेळत. ताई, कुठली घेऊ?"

ताई म्हणाला मला.

"चेहऱ्यासाठी लांबच घ्या," मी म्हटलं. हे पूर्ण खोटं नव्हतं, म्हणून तर खपलं. अंगणात, उन्हात ती लेन्स चेहरा सुरेख टिपते. पण माजघरात, एका झरोक्याच्या उजेडात, शिकाऊ हातात? — मला पक्कं माहीत होतं.

त्यानं आणून दिलेला पहिला रोल मी धुतला. छत्तीसच्या छत्तीस फोटो हललेले. मला वाईट वाटलं का? खरं सांगू — गोड वाटलं. ती ओली पट्टी वाळत घालताना मी गुणगुणत होते. काय चुकलं, म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा आखूड लेन्स माझ्या पाठीमागे कपाटातच होती. "हात स्थिर ठेवा," एवढंच म्हटलं. बिचारा दुसऱ्या रोलला श्वास रोखून बसला असेल. तोही तसाच निघाला.

त्यानंतर आला तो डोकं भादरून. निगेटिव्ह माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "ताई, यातला कुठला मोठा होईल?"

आईचा दुसरा फोटो त्यांच्या घरात नव्हता. मी त्यातल्या त्यात बरा शोधला, मोठा केला, चौकट बसवली. लुगड्याचे काठ थोडे दिसत होते. चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग. हरेश्वरनं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि माझे उपकार मानले.

जाईची वेणी मला नंतर आठवली, असं सांगता आलं असतं. पण ती मला लेन्स पुढे करतानाच आठवली होती. तरीही मी लांबच दिली.