दोन पुस्तकं आणि तुळसाकाकूंची भागू

महाडात तुळसाकाकूंची खानावळ आहे. काकू मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीच्या. नवरा मुंबईला वॉचमन, शिक्षण चौथीपर्यंत, आणि इंग्रजी म्हणाल तर ‘फुल थाळी’ आणि ‘हाफ थाळी’. हीच बाई दर रविवारी दुपारी, शेवटचं गिऱ्हाईक उठलं की टेबल पुसून तिथंच राक्षसांशी लढायला बसते, हे नवख्याला सांगून पटत नाही.

खेळ तसा सोपा. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. आपलं माणूस काय करतं ते बोलून सांगायचं. त्याचा जीव आकड्यांत मोजायचा, घाव बसला की तो तेवढा घटतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो, आणि फाशाचं कुठं, किती ऐकायचं ते एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं. इथं गोष्ट सांगतो आमोद, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. चार वर्षांपूर्वी त्याला खेळायला एक गडी कमी पडला, तेव्हा आमटी वाढायला आलेल्या काकूंनाच त्यानं बसवून घेतलं. गंमत म्हणून! शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची गंमत करायची फार हौस.

काकूंनी भागू नावाची राखणदारीण घेतली. राखणदारिणीला पुस्तकानं एकच मोठी ताकद दिली होती: सोबत्यावर पडणारा जीवघेणा घाव ती स्वतःच्या अंगावर घेऊ शकते. मात्र त्यात पडली तर कायमची, तिला उठवणारा फासा नाही. अशी ही टोळी चार वर्षं एकच मोठा घाट चढत होती.

यंदा मे महिन्यात आमोदनं त्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती मागवली. रंगीत चिठ्ठ्या लावून तयार होऊनच आला.

“दोन्ही चालवू,” त्यानं जाहीर केलं. “मला जिथं नवा नियम बरा वाटेल तिथं नवा, बाकी जुना.”

“आनि भागू?” काकूंनी विचारलं.

“घाव अंगावर घेणं नव्या पुस्तकात काढून टाकलंय, काकू. ते मीही काढतो. उगाच कुणी मरायला नको.”

काकू उष्टी ताटं उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून, मेडिकलमध्ये काम करणारी सलोनी जेवायला आली की तिला अर्धा तास बसवून घ्यायचं, दोन्ही पुस्तकं मराठीत सांगायला लावायची आणि आपण तांदूळ निवडत ऐकायचं, असा काकूंचा क्रम सुरू झाला. सलोनीही त्याच टोळीतली, तिची शिकारीण होती. आमोदला यातलं काहीच माहीत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका रविवारी टोळी घाटमाथ्याला पोचली. वर राक्षस उभा. आमोदनं तो नव्या पुस्तकातला घेतला होता, एका दमात तीन घाव घालणारा. तिन्ही सलोनीच्या शिकारिणीवर बसले. आमोदनं बेरीज केली आणि त्याचं तोंड उतरलं.

“सलोनी... गेली गं तुझी शिकारीण.”

सलोनीचे डोळे भरून आले. चार वर्षांचं माणूस ते.

“थांब रे,” काकू म्हणाल्या. “तीन घावांचा राक्षस नवीन पुस्तकातला. त्या पुस्तकात मानसांना पयल्यापासून जास्तीचा जीव दिलेला हाय, दुसऱ्या परकरनात. तो तू आमाला दिलास? राक्षस नवा घेतलास नि मानसं जुनी ठेवलीस.”

आमोदनं पानं चाळली. होतं. जसंच्या तसं होतं.

“जुन्यातला हाच राक्षस एकच घाव घालतो, पन मोठा. शेवटून तिसरं पान.”

तेही होतं. पदवी आमोदकडे होती, चिठ्ठ्या त्याच्याकडे होत्या, आणि दोन्ही पुस्तकं अख्खी या बाईच्या डोक्यात होती! आपण हिला गंमत म्हणून बसवलं होतं, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलो, काकू,” तो म्हणाला. “मग सगळंच नवं धरू. सगळ्यांना जास्तीचा जीव देतो. शिकारीण वाचते, भागूला धक्का नाही.”

“नाय. आमच्या वाडीत शिमग्याला पालखी एकदा सहानेवरनं उठली, का परत त्या ओट्यावर बसंस्तवर गावकी येक नियम बदलत नाय. खांदा कुनाचा, आधी दार कुनाचं, समदं ठरल्यापरमानं. नवं काय ठरवायचं ते ती बसल्यावर. आपन जुन्या नियमानं चार वरसं जिकत आलो. आता पडायची येळ आली म्हनून बदलायचा?”

“पण जुन्या घावानंही सलोनी मरतेच.”

“मरते. म्हनून तो भागूनं घेतला.”

भागूकडे तेवढा जीव उरलेला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“काकू, माझ्यासाठी नको,” सलोनी म्हणाली.

“गप गो. तू बान काढ.”

भागू पडली. सलोनीनं फासा टाकला, एकोणीस आले. राक्षस दरीत कोसळला आणि टोळी घाट उतरून गावात पोचली. आमोदनं आजवर शेकडो विद्यार्थ्यांना नियम शिकवले होते. नियम पाळणारं माणूस इतक्या जवळून तो आज पाहत होता.

काकूंनी भागूचा हळदीचे डाग पडलेला कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला आणि त्या परत येऊन बसल्या.

“बसली पालखी. आता काढ तुजं नवीन पुस्तक, मला नवी राखनदारीन करून दे. भागूची लेक.”

आमोद लिहायला लागला. ताकदीच्या रकान्याशी त्याचा हात थांबला.

“काकू, हिला घाव अंगावर घ्यायचं देऊ? आपल्यापुरतं?”

“नव्या पुस्तकात हाय?”

“नाही.”

“मंग नको लिवू,” काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांनी पदर डोळ्यांना लावला.