एक ओळ मागे

दादा गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मीच ती सगळ्यांना दिली. फोन घेऊन खुर्चीत बसले आणि एकेक नाव काढत तेच वाक्य म्हणत राहिले, "शांतवनदादा गेला हो, दुपारी, शांतपणे." पलीकडून रडणं ऐकू आलं की समजूतही मीच घालायची. शेवटी शेवटी ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं की मी कुणाबद्दल बोलतेय हेही मला जाणवेना. आता काही आठवडे उलटलेत, पण थकवा उतरलेला नाही. झोपून उठलं तरी अंग जडच असतं. रविवारी चर्चमध्ये तर ते जास्तच जाणवतं, कारण सगळ्यांचं आमेन झाल्यावर तिथे आता जी शांतता पडते, ती पूर्वी पडत नसे.

दादा माझा थोरला भाऊ. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे फवारणी पंप दुरुस्त करण्यात त्याचं सगळं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर तो इंदिरानगरला माझ्याकडे राहायला आला आणि घरभर त्याच्या शर्टांचा गंधकासारखा वास भरून राहिला. तसा तो चटपटीत माणूस. जेवायला बसला की सगळ्यांच्या आधी ताट पुसून मोकळा. पण उपासनेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना सुरू झाली की याला काय व्हायचं कोण जाणे! अख्खी मंडळी एका सुरात पुढे निघायची आणि दादाचा जाड आवाज एक ओळ मागून रखडत यायचा. लोकांचं आमेन होऊन जायचं, तेव्हा हा अजून 'आम्हांला परीक्षेत आणू नको'च्या ओळीपाशी. बरं, शेवटाला पोचला तरी आमेन म्हणायचाच नाही, नुसता गप्प व्हायचा. पाळकसाहेब त्याला चिडवायचे, "शांतवनराव, सगळी मंडळी स्वर्गाच्या दारात पोचली आणि तुम्ही अजून इंदिरानगरच्या सिग्नलला!" दादा हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मला त्याची लाज वाटायची, नाही असं नाही.

ही प्रार्थना आम्ही दोघं अप्पांकडून शिकलो. अप्पा म्हणजे आमचे वडील, नांदगावकडच्या एका खेड्यात शाळामास्तर आणि तिथल्या छोट्याशा मंडळीचे प्रचारक. बाहेर त्यांना फार मान. घरात मात्र दिवेलागणीला त्यांच्या पायांची चाहूल लागली की आई पदराने उगाचच चूल पुसायला लागायची. सगळ्यांनी ओळीने उभं राहून प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि अप्पांच्या आमेनबरोबर ज्याचं आमेन होणार नाही, जो सगळ्यांत मागे पडेल, त्याने उपाशीपोटी ओसरीवर बसायचं, असा त्यांचा नियम होता. मी धाकटी. त्यांचं बोट माझ्याकडे वळलं की जीभ टाळूला चिकटायची. तरी ओसरीवर जायची पाळी माझ्यावर क्वचितच आली, कारण जवळजवळ रोज दादाच मागे पडायचा. अप्पा त्याला ठोंब्या म्हणायचे. आई मागच्या दाराने त्याला भाकरी सरकवायची. मलाही बरीच वर्षं वाटायचं, आपला दादा पाठांतरात कच्चा आहे.

पुढे अप्पा गेले. देवाला बाप म्हणायला तोंड उघडलं की मला त्यांचं ते बोट दिसायचं, आणि मी तोंड मिटून घेतलं ते कायमचंच. चर्चला जायचे, गीतं म्हणायचे, शास्त्रपाठही वाचायचे, पण त्या एका प्रार्थनेला नुसतीच मान खाली घालून उभी राहायचे. एवढ्या आवाजात कुणाला कळणार, असं वाटायचं.

दादाचं शेवटचं आजारपण लांबलं. औषधं, चादरी, गरम पाणी, पुन्हा औषधं... माणूस आपला असला तरी पाठ आपली दुखायची थांबत नाही. रोज संध्याकाळी तो पडल्या पडल्या त्याच्या चालीने प्रार्थना म्हणायचा आणि मी पेजेची वाटी घेऊन उभी. एकदा माझा तोल सुटलाच.

"दादा, आता तरी लवकर आटप ना! पेज गार होतेय. इथे अप्पा नाहीत तुला ओसरीवर बसवायला."

तो हसला. "अगं, मला ती तुझ्या जन्माच्या आधीपासून पाठ होती. तू मागे पडू नयेस म्हणून मी मागे राहायचो. मग सवयच लागली."

"आणि आता? आता कोण मागे पडतंय?"

"तू सुरूच करत नाहीस, शालू. मग मी संपवू कसा?"

मी वाटी खाली ठेवली. रडू आलं आणि रागही आला. म्हटलं, "मला नाही म्हणवत. म्हणायला गेलं की अप्पा समोर उभे राहतात."

"माहितीये. पण त्या प्रार्थनेत अप्पा बाप नाहीत गं. तिथे तेही एक पोरच. तुझ्यामाझ्याच ओळीत उभं."

"मला नको ते माझ्या ओळीत."

"बरं, नको तर नको," दादा म्हणाला. "मी उभा राहतो ना मध्ये."

मग एका संध्याकाळी त्याला स्वतःहून सुरुवात करवेना. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी प्रार्थना म्हटली. विश्वासाने वगैरे नाही, थकून म्हटली... एवढं झालं की हा झोपेल आणि मीही जरा पाठ टेकेन, म्हणून. पहिलाच शब्द खोकल्यासारखा अडकत बाहेर आला. तो थांबला. मग माझ्या प्रत्येक ओळीमागे त्याचा बारीक झालेला आवाज येत राहिला. मी आमेन म्हटलं आणि त्याच्यामागून दादाचं आमेन ऐकलं. किती वर्षांनी, कुणास ठाऊक. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

आता रविवारी मी त्याच्या बाकावर, खांबाजवळ बसते. प्रार्थना म्हणते. मागच्या रविवारी लक्षात आलं, सगळ्यांचं आमेन होऊन गेलं होतं आणि माझा एकटीचा आवाज मागून चालला होता. पाळकसाहेब थांबले, या वेळी चिडवलं नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि का कोण जाणे, मनात अप्पा आले. लहानपणी त्यांना कुणी ओसरीवर बसवलं होतं का, त्यांच्यासाठी कुणी मागे राहिलं होतं का, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही. मन मऊ झालंय असं नाही, खोटं कशाला सांगू? त्यांच्या शेजारी उभं राहायला मला अजूनही नको वाटतं, आणि मध्ये उभा राहणारा तर गेला.

पण आमेन ओठांशी आलं आणि तिथेच थांबलं. अजून मी ते म्हटलेलं नाही.